शरद ऋतूतील हस्तकला : मालवण किनाऱ्यावरील शाळांसाठी

१. ऋतू आणि त्याचे आपले रूप

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन मास होत. मालवणच्या किनारपट्टीवर या काळात पावसाचा जोर ओसरतो, आकाश निवळते आणि खाडीचे गढूळ पाणी हळूहळू स्वच्छ होऊ लागते. मळ्यातील हळव्या जातीचे भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीस येते. गरवे भात दिवाळीनंतरही शेतात उभे असते. श्रावण-भाद्रपदात सड्यावर फुललेला तेरडा व इतर रानफुले सरून तेथील गवत सोनेरी दिसू लागते. समुद्र शांत झाल्यामुळे वाळूवर रापण ओढली जाते. शाळेत मात्र याच वेळी पहिले सत्र संपत आलेले असते, दिवाळीच्या सुटीची चाहूल लागलेली असते, आणि ‘मुलांकडून काहीतरी हस्तकला करून घ्यावयाची आहे’ याची आठवण शिक्षकास होते.

या वेळी शिक्षकाचा हात सहजच एखाद्या छापील पुस्तकाकडे अथवा भ्रमणध्वनीवरील चित्रांकडे जातो. त्यांत शरद म्हणून जे दाखविलेले असते ते बहुधा थंड देशांतील असते : तांबड्या-पिवळ्या पानांचा सडा, देवदाराची शंकूफळे, ओकची टोपीवाली फळे. मग तशी पाने येथे नाहीत म्हणून रंगीत कागदाची पाने कापली जातात. मुलांच्या हाती कात्री येते, डिंक येतो, वस्तूही तयार होते. परंतु ज्या ऋतूचे नाव त्या वस्तूस दिलेले असते तो ऋतू मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो. खिडकीबाहेर असलेला शरद मात्र वर्गात येतच नाही.

थंड देशांत शरदात पाने का गळतात, हे शिक्षकाने समजून घ्यावे. तेथे दिवस लहान होऊ लागतात व पुढे हिमाचा काळ येणार असतो. झाड पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश खोडात साठविते. हिरवा रंग ओसरला की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो; काही जातींत लाल रंग त्या वेळी नव्याने तयार होतो. आपल्याकडे शरदात जमीन पावसाच्या पाण्याने भरलेली असते. झाडास पाने टाकण्याचे कारणच नसते. आपली पानगळ पाण्याच्या टंचाईची आहे. साग, पांगारा, सावर ही झाडे हिवाळ्यात आणि त्यापुढे पाने टाकतात. आंबा, फणस, उंडी ही तर बारमाही हिरवी. त्यांची जुनी पाने थोडी थोडी गळत असतात. किनाऱ्यावरील देशी बदामाचे पान तेवढे गळण्यापूर्वी लाल होते. ते एक पान वर्गात आणून परदेशी शरदाचे सारे रहस्य मुलांना सांगता येईल.

येथील शरद हा पिकण्याचा, वाळण्याचा आणि भरून येण्याचा ऋतू आहे. त्याची स्वतःची वस्तुसंपदा आहे व ती घरोघरी आहे. हस्तकलेचा आरंभ तेथूनच करावा.

२. हस्तकला कशासाठी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. त्या योजनेचे पुढे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. परंतु तिच्यातील मूळ विचार आजही शिक्षकाच्या उपयोगी आहे. हाताने काम करताना गणित, भाषा आणि परिसराचे ज्ञान त्या कामातूनच उगवले पाहिजे. काम एकीकडे आणि शिक्षण एकीकडे असे होता कामा नये.

महाराष्ट्रात बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले. १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी जे काम उभारले, त्यात माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आणण्याऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने यांतून साधने तयार केली. ज्या परिसरात मूल वाढते त्या परिसरातील वस्तूच त्याची पहिली शैक्षणिक साधने होत, हा धडा त्यांनी घालून दिला.

आपल्या जिल्ह्यातही हाताच्या विद्येची थोर परंपरा आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे व खेळणी सर्वज्ञात आहेत. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांचा खेळ जतन केला. त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. तथापि या नामवंत कलांच्या मागे घरोघरची अनाम विद्या उभी आहे : झाप विणणे, सुंभ वळणे, जाळे सांधणे, हिरांची केरसुणी बांधणे, फणसाच्या पानांचा द्रोण टाचणे. ही विद्या कोणी शाळेत शिकविली नव्हती आणि आता घरीही ती फारशी शिकविली जात नाही. झापांच्या जागी निळे प्लॅस्टिकचे कापड आले, सुंभाच्या जागी नायलॉनची दोरी आली. ज्यांच्या हातांत ही कला आहे ती माणसे वृद्ध झाली आहेत. शाळेने आज त्यांच्याकडे पाहिले नाही, तर काही वर्षांनी पाहावयास कोणी उरणार नाही.

याचा संबंध वर्गातील मुलांशीही आहे. वाचनात मागे पडणारा एखादा मुलगा चौथीपर्यंत मागच्या ओळीत मुकाट्याने बसलेला असतो. त्याची आजी झाप विणते, वडील रापणीवर जातात आणि त्याच्या बोटांना हे सारे पाहून ठाऊक असते. माडाची पाती वर्गात आली की तो पुढे येतो, इतरांस दाखवू लागतो. शाळेत आपणास काही येते, हे त्यास त्या दिवशी प्रथम कळते. असा एक दिवस वर्षातून एकदा जरी आला, तरी हस्तकलेचा तास सार्थकी लागला असे समजावे.

३. साहित्य कोठे शोधावे

साहित्याचा शोध हाच पहिला पाठ आहे. शिक्षकाने सर्व सामान स्वतः गोळा करून आणू नये. पुढील ठिकाणांची यादी मुलांबरोबर फळ्यावर करावी.

स्वयंपाकघर : तिसरे, खुबे, मुळे, कालवे यांचे शिजवून रिकामे झालेले शिंपले, करवंटी, सोडण, पडवळ, भोपळा, दोडका यांच्या बिया, सुके दोडके व त्यांची जाळी.

परसू : माडाचे चुडत, त्याची पाती व हीर, झावळीच्या बुडाशी असलेले जाळीदार, कापडासारखे आवरण, पोफळीची विरी, म्हणजे पानाचा खालचा रुंद व चिवट भाग, फणसाची पाने, जास्वंद, झेंडू, हळद.

शेत : भाताच्या लोंब्या, पेंढा, नाचणीची कणसे, बांधावरचे कुरडू, वेलीवरील करीट.

सडा : सुके गवत, जांभ्या दगडाची तांबडी माती, पक्ष्यांची गळालेली पिसे.

किनारा : लाटांनी आणलेल्या काटक्या, झिजलेले लाकूड, रिकामे शिंपले.

सणांच्या निमित्तानेही हे साहित्य घरात येते. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटवी, जिला गोव्यात माटोळी म्हणतात, ही भाद्रपदातील रानफळांची व फुलांची एक सजीव सूचीच असते. नव्याच्या पौर्णिमेस भाताच्या लोंब्या, नाचणी, कुरडू, झेंडू व आंब्याचे पान यांची जुडी दारावर बांधतात. नरकचतुर्दशीस पायाखाली करीट फोडतात. तुलसीविवाहास दिंड्याची काठी, ऊस, आवळा व चिंच लागते. कोणत्या सणाला कोणती वनस्पती का लागते, ती कोठे मिळते आणि यंदा ती कोणी आणली, याची चौकशी मुलांनी घरी करावी. ज्या मुलांच्या घरी हे सण होत नाहीत त्यांनी आपल्या घरच्या कामातील वस्तू सांगाव्यात. माडाचे चुडत, सुंभ आणि शिंपले ही किनाऱ्यावर सर्वांच्याच घरची संपत्ती आहे. म्हणून वर्गातील कामाचा मध्य तेथेच ठेवावा.

वस्तूचे नाव मुलाने घरच्या बोलीत सांगितले तर ते खोडून काढू नये. चुडत आणि झावळ, करटी आणि करवंटी, तवसा आणि काकडी अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकास यांतील बरेच शब्द नवे असतील. ते त्याने मुलांकडून शिकून वहीत उतरून घ्यावेत. गुरुजी किंवा बाई आपल्याकडून शब्द शिकतात, हे पाहून मुले पुस्तकातील शब्दही अधिक आनंदाने शिकतात.

४. नमुना पाठ : माडाच्या पातीची चटई

इयत्ता : तिसरी व चौथी. अवधी : लागोपाठचे दोन तास आणि पुढील चार दिवस दररोज दहा मिनिटे.

उद्दिष्टे : (१) वर-खाली या विणीचे तत्त्व मुलांनी स्वतः शोधावे. (२) सम-विषम संख्या व चौरसाकृती मांडणी यांचा अनुभव घ्यावा. (३) पाने वाळताना आकसतात, हे मोजून पाहावे. (४) माडाशी संबंधित शब्दसंपत्ती वाढावी.

साहित्य : प्रत्येक मुलास आठ पाती. एका पूर्ण वाढलेल्या झावळीस दोनशेच्या आसपास पाती असतात, त्यामुळे लहान शाळेस एक झावळ पुरते. ती कोवळी तोडून आणू नये. नारळ पाडण्यासाठी पाडेली माडावर चढतो त्या दिवशी खालची जुनी हिरवी झावळ त्यास मागून घ्यावी. माडाच्या कोंबास अथवा मधल्या पानांस हात लागता कामा नये. माडास एकच कोंब असतो व तो गेला की माड गेला, हेही मुलांस सांगावे.

पूर्वतयारी : पातीतील हीर काढण्याचे काम मुलांनी दोघादोघांनी करावे. हिराच्या एका टोकाशी नखाने चीर पाडून पाती दोन्ही हातांनी अलग ओढली की तिच्या दोन पट्ट्या होतात. सुरी लागलीच तर ती शिक्षकाच्या हाती असावी. अशा रीतीने प्रत्येकाजवळ सोळा पट्ट्या होतील. त्या एक फूट लांबीच्या कापून घ्याव्यात. काढलेले हीर टाकू नयेत. ते पुढे उपयोगी पडतील.

पाठाचा ओघ : आठ पट्ट्या उभ्या, एकमेकींस लागून, चकचकीत बाजू वर करून मांडाव्यात. त्यांची वरची टोके सपाट दगडाखाली दाबावीत. उरलेल्या आठ पट्ट्या आडव्या घालावयाच्या आहेत. त्या फिकी बाजू वर करून घेतल्या म्हणजे उभ्या व आडव्या पट्ट्या डोळ्यांस वेगळ्या दिसतात. येथे शिक्षकाने कृती न सांगता विचारावे : ‘ही आडवी पट्टी उभ्या पट्ट्यांत अडकून राहील असे काय करावे?’ काही मुले ती सर्व पट्ट्यांवरून टाकतील, ती घसरेल. कोणी एकाआड एक पट्टी उचलून खालून घालील. ती थोडी अडकेल. मग दुसरी पट्टी. पुष्कळ मुले तीही पहिलीसारखीच घालतात आणि दोन्ही पट्ट्या एकत्र सरकतात. येथे थांबावे. चूक सांगू नये. पट्टी का सरकते, हे मुलाच्या बोटांस कळले पाहिजे. पहिल्या ओळीत १, ३, ५, ७ उचलल्या असतील तर दुसऱ्या ओळीत २, ४, ६, ८ उचलाव्यात, हे त्यातूनच निघते.

आठ ओळी झाल्या की पट्ट्या बोटांनी घट्ट सारून घ्याव्यात आणि मोकळी टोके मागे दुमडून विणीत खोचावीत. चटई तयार झाली. आता मोजणी : एकूण घरे किती? आठ आठे चौसष्ट. चकचकीत घरे किती? बत्तीस. फिकी किती? बत्तीस. नंतर एका गटास सात उभ्या व सात आडव्या पट्ट्यांची चटई विणावयास सांगावी. घरे एकोणपन्नास होतील; त्यांची दोन सारखी वाटणी होत नाही. एका रंगाची पंचवीस व दुसऱ्याची चोवीस येतात. असे का, हा प्रश्न मुलांवर सोपवावा. पाढा पाठ करणाऱ्या मुलास येथे पाढ्याचा अर्थ दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून चटईची रुंदी पट्टीने मोजून निरीक्षण-वहीत लिहावी. पाती वाळू लागताच आकसतात व घरांमध्ये फटी दिसतात. फटी पाहून मुले नाराज होतील. तेव्हाच विचारावे की झाप विणणारी आजी चुडत आधी पाण्यात भिजत का घालते, आणि विणून झाल्यावर झाप लगेच छपरावर का चढवीत नाही. उत्तर मुलांनी घरून आणावे. शक्य असल्यास अशा एखाद्या वृद्ध स्त्रीस अथवा पुरुषास शाळेत बोलवावे आणि मुलांसमोर झाप विणावयास सांगावे. त्यांना पाहुण्याचा मान द्यावा, खुर्ची द्यावी, नावानिशी आभार मानावेत. त्या व्यक्तीस लिहिता-वाचता येत नसेल, तर मुलांस ज्ञान आणि अक्षर यांतील संबंधाचा एक नवा धडाच मिळेल.

भाषा : माड, झावळ, चुडत, पाती, हीर, पोय, शहाळे, सोडण, काथ्या, सुंभ, करवंटी, झाप या बारा शब्दांपैकी प्रत्येकाने पाच निवडून एकेक वाक्य लिहावे.

मूल्यमापन : चटई किती सुबक झाली याला गुण देऊ नयेत. मुलास तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्यास ही वीण शिकवशील का? चटईत फटी कशामुळे पडल्या? पुढच्या वेळी काय निराळे करशील? ज्यास तिन्हींची उत्तरे देता येतात त्याचा पाठ पूर्ण झाला.

५. आणखी काही कामे

पिंपळपानाची जाळी : पूर्ण वाढलेली हिरवी पाने मडक्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. तीन-चार आठवड्यांत पानातील मऊ भाग कुजतो. मग पान वाहत्या पाण्याखाली धरून मऊ कुंचल्याने हळूच घासले की शिरांची जाळी उरते. मडक्याचे तोंड फडक्याने बांधावे व दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. अन्यथा त्यात डास वाढतील. हे काम दिवाळीच्या सुटीपूर्वी सुरू करून सुटीत ते कोणी सांभाळावयाचे, हे ठरवून द्यावे. धीर धरावा लागणारे हे एक चांगले काम आहे.

करिटाची गुरे : करिटास चार हीर टोचले की पाय होतात, दोन आखूड टोचले की शिंगे होतात. पहिली-दुसरीची मुले यांत रमतात. पाच बैलांचे पाय किती, हा प्रश्न त्यांतूनच निघतो. करीट अतिशय कडू असते. काम झाल्यावर हात धुवावेत व ते कोणी तोंडात घालू नये.

रंग : जांभ्याची माती वस्त्रगाळ करून तांबडा, कोळशापासून काळा, तांदळाच्या पिठापासून पांढरा व हळदीपासून पिवळा रंग होतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच ते लाल होते. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळून वाळू द्यावी. त्या डागावर लिंबाचा रस पडला की तो लालसर होतो, चुन्याची निवळी पडली की हिरवट होतो. आंबट व तुरट-खारट पदार्थांतील भेद मुलांस या दोन थेंबांत दिसतो. चुना शिक्षकानेच हाताळावा व मुलांस वरची पातळ निवळी तेवढी द्यावी.

शिंपल्यांचे वर्गीकरण : शिंपले चिकटवून चित्र करण्याची घाई करू नये. आधी मुलांनी त्यांचे ढीग पाडावेत. रंगावरून, आकारावरून, दुहेरी व एकेरी असे ढीग मुले आपोआप पाडतात. प्रत्येक ढिगास कारण विचारावे. एकच शिंपला दोन ढिगांत बसतो तेव्हा वर्गात जो वाद होतो, तो वाद म्हणजेच विज्ञानाचा आरंभ होय.

लोंब्यांची जुडी : कापणीच्या दिवसांत पुष्कळ मुले शेतावर जातात व हजेरी घटते. त्यांना परत येताना चार लोंब्या व मूठभर पेंढा आणावयास सांगावे. एका लोंबीत दाणे किती, त्यांत पोचट किती, हे मोजून मग जुडी बांधावी. शेतावर गेलेले मूल रिकाम्या हाताने शाळेत परतू नये.

६. सावधगिरी

निसर्गातील सर्व वस्तू निरुपद्रवी नसतात. पुढील गोष्टी शिक्षकाने ध्यानात ठेवाव्यात.

(१) गुंजेचे लाल-काळे दाणे मुलांना फार आवडतात व माळेसाठी आणले जातात. ते अत्यंत विषारी आहेत. चावलेला किंवा भोक पाडलेला एक दाणाही बालकाच्या जिवावर बेतू शकतो. शाळेच्या हस्तकलेत गुंज मुळीच नसावी. कळलावीचा कंद आणि कण्हेरीचे सर्व भाग हेही विषारी आहेत. खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू देऊ नये.

(२) किनाऱ्यावरून जिवंत शंख-शिंपले गोळा करू नयेत. शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखातील जिवंत प्राण्याचा दंश विषारी असतो. रिकामा दिसणारा शंखही पुष्कळदा शंखी खेकड्याचे घर असतो. मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, आणि प्रवाळ व काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून शिंपले स्वयंपाकघरातून आणावेत, हाच उत्तम नियम होय. ते सोडा घातलेल्या पाण्यात उकळून उन्हात वाळवावेत.

(३) सड्यावर व पेंढ्याच्या राशीत फुरसे असण्याचा संभव असतो. दगड व पालापाचोळा हाताने उलटू नये. काठीने हलवून पाहावे. पायांत वहाणा असाव्यात.

(४) पायास जखम असलेल्या मुलास पाणथळ शेतात अथवा चिखलात पाठवू नये. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दोडामार्ग व सावंतवाडी भागांत २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडींमुळे पसरतो. कार्तिकानंतर रान वाळू लागते तेव्हा तेथील मुलांस पाला गोळा करण्यासाठी रानात पाठवू नये.

(५) मागितल्याखेरीज कोणाच्या परसातील फूल वा पान तोडू नये, आणि लागेल त्यापेक्षा अधिक घेऊ नये. ‘एक झाड, एक पान’ असा साधा नियम पहिलीच्या मुलांनाही पाळता येतो.

७. बहुवर्ग शाळेतील योजना

जिल्ह्यात कमी पटाच्या आणि दोन शिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. हस्तकलेच्या तासास ही अडचण न राहता सोयच होते. पहिलीच्या मुलांनी निवडावे व मोजावे. दुसरीच्या मुलांनी ओवावे व टोचावे. तिसरीच्या मुलांनी विणावे. चौथीच्या मुलांनी विणून झाल्यावर कृती क्रमवार लिहून काढावी. ती लेखी कृती तिसरीच्या मुलाने वाचून त्याप्रमाणे वस्तू करावी. कृतीत एखादी पायरी राहिली असेल तर वस्तू अडते, आणि लेखन नेमके का असावे हे लिहिणाऱ्यास उमगते. मोठ्याने लहानास शिकविणे हे खेड्यातील घरात नित्य चालते. तेच शाळेत चालावे.

८. प्रदर्शनाविषयी

हस्तकलेचे प्रदर्शन भरविण्यास हरकत नाही. परंतु प्रदर्शनासाठी हस्तकला होऊ लागली की तिचा आत्मा जातो. पाहुणे येणार म्हणून शिक्षक रात्री जागून वस्तू सारख्या करतात, पालक विकतचे सामान आणून देतात, आणि फलकावर मात्र मुलाचे नाव असते. मुलास हे कळते. आपली वाकडी चटई गुरुजींनी बाजूस ठेवली व दुसरी सरळ चटई आपल्या नावाने मांडली, हे ते विसरत नाही. त्यातून ते दोन गोष्टी शिकते : आपले काम दाखविण्याजोगे नव्हते, आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखविता येते. या दोन्हींपैकी एकही शिकविण्यासाठी शाळा नाही.

म्हणून वस्तू मुलाच्या हातची, जशी झाली तशीच मांडावी. प्रत्येक वस्तूजवळ मुलाच्या हस्ताक्षरात तीन ओळींची चिठ्ठी असावी : ही वस्तू कशाची केली, ते साहित्य कोठून आणले, करताना काय अडले. पाहुण्यांनी वस्तू पाहून पुढे जाऊ नये. मुलास विचारावे व मुलाने करून दाखवावे, अशी व्यवस्था करावी. सजावटीत थर्मोकोल व चकचकीत प्लॅस्टिक नसावे. सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यावर राज्यात २०१८ पासून निर्बंध आहेत. झावळीचे तोरण, विरीचे ताट व करवंटीतील पणती यांनी खोली उत्तम सजते आणि दुसऱ्या दिवशी ते सारे माडाच्या आळ्यात घालता येते.

पातीची चटई महिन्याभरात तपकिरी होऊन तुटेल, करिटाची गुरे आठवड्यात सुकतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. वस्तू टिकाव्यात म्हणून हा तास नाही. पुढच्या आश्विनात शिक्षकाने न सांगता एखादे मूल पडलेले चुडत उचलील, नखाने हीर सोडवील आणि धाकट्या भावंडास ‘एकाआड एक उचल’ असे सांगू लागेल. त्या वेळी मागील वर्षाचा पाठ कितपत झाला होता, हे शिक्षकास कोणत्याही नोंदवहीवाचून कळून येईल.